तिनाचं उत्तर दोन

जतच्या पूर्वेला घोरपडीचा माळ म्हणून एक माळ आहे. कुसळं, खडक आणि वारा, बाकी काही नाही. आमच्या माळावर दगडसुद्धा धड पिकत नाहीत, असं तिथले लोक हसत हसत सांगतात. असल्या ठिकाणी सरकारनं त्र्याहत्तर साली खांब रोवले, खांबाखांबांतून तारा ओढल्या आणि मधोमध पत्र्याची खोली बांधली. लोक म्हणाले, चला, वीज आली. कसली वीज आणि कसलं काय. ती रेडिओ-दुर्बीण होती. आकाशातनं येणाऱ्या लहरी तारांनी धरायच्या आणि खोलीतल्या यंत्राच्या लेखणीनं कागदाच्या गुंडाळीवर त्यांची रेघ ओढत राहायचं, एवढाच तिचा उद्योग. बघायला काहीच नाही म्हटल्यावर लोकांनी तिला तारंचं रान असं नाव ठेवलं आणि विषय सोडून दिला.

या रानाची राखण आणि रात्रीची पाळी लालासाहेबाकडे होती. गडी आष्ट्याजवळच्या एका वाडीचा, फौजेत वायरलेसवर पंधरा वर्षं काढून हवालदार होऊन सुटलेला. घरी ऊस होता, पेन्शन होती. पारावर बसून लढाईच्या बाता मारत जन्म काढला असता तरी कुणी नको म्हटलं नसतं. पण हा बाबा तीन एसट्या बदलून या उजाड माळावर येऊन बसला होता. त्याचं कारण वाडीत राहत होतं आणि तिचं नाव चंद्राबाई.

चंद्राबाई ही नाथाजीची बायको. नाथाजी म्हणजे लालासाहेबाचा चुलतभाऊ, वर्षानं मोठा. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच ठिकाणी वायरलेस शिकले, आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिमेच्या सरहद्दीवर दोघांतला एकच उरला. नाथाजीच्या नावापुढं कागदावर 'बेपत्ता' पडलं. पुढं पकडलेले जवान सुटून आले, त्यात तो नव्हता. बाईची दशा मग ना घर का ना घाट का अशी झाली. हळदीकुंकवाला बोलवावं तर एखादी म्हातारी नाक मुरडायची, न बोलवावं तर चंद्राबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भादव्यात घरोघर म्हाळ घालतात, मेलेल्याच्या तिथीला त्याच्या नावानं भावकीतल्या एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. तिच्या घरी म्हाळ नव्हता, कारण तिथीच माहीत नव्हती. ती तिथी लालासाहेबाला माहीत होती. दिवस, तास, मिनिटसुद्धा माहीत होतं, आणि पावणेचार वर्षं त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तारंच्या रानातलं त्याचं काम सांगतो. रात्रभर कागद सरकत असायचा. आकाशातलं जे यायचं ते रेघेत उतरायचं, आणि जमिनीवरचंही उगाच मधे तंगडी घालायचं. कुणाचं इंजिन सुरू झालं, लांब वीज चमकली, एखादा सांधा हलला, की लेखणी उडालीच. ते ओळखून कडेला पेन्सिलीनं 'खरखर' असं लिहायचं. हर्डीकरसाहेब, म्हणजे पुण्याहून आलेले तिथले शास्त्रज्ञ, सकाळी तेवढा भाग वगळायचे. लालासाहेबाचा कान आणि डोळा असा तयार होता की कुठल्या गावचं इंजिन आहे तेही तो सांगायचा.

हर्डीकरांनी त्याला पहिल्याच महिन्यात एक नियम शिकवला होता. माणसाची खरखर माणसाच्या घड्याळानं येते. आज चारला इंजिन लागलं तर उद्याही चारलाच लागणार. आकाशातली वस्तू मात्र रोज चार मिनिटं आधी उगवते. जे रोज चार मिनिटं आधी येईल ते आपलं, बाकीचं जगाचं. लालासाहेबाला तो नियम फार आवडला होता, कारण फौजेतल्या हुकमासारखा तो सरळ होता.

पंच्याहत्तरच्या श्रावणात एका रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी लेखणी तीनदा उडाली. एक, एक, एक. मग थोडी सपाट रेघ, आणि पुन्हा दोनदा. लालासाहेबाचा हात पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

कारण तीन आणि दोन ही खूण त्याची आणि नाथाजीची होती. वाडीत नदीवरच्या इंजिनाचं पाणी लोखंडी पायपानं मळ्यात यायचं. रात्रीच्या पाळीला एकजण इंजिनाशी, दुसरा फर्लांगभर लांब उसात. इंजिनाजवळच्यानं पायपावर दगडानं तीन टोले हाणायचे, म्हणजे पाणी सोडतोय. उसातल्यानं दोन हाणायचे, म्हणजे जागा हाय, सोड. दोन आल्याबिगर पाणी सोडायचं नाही, नाहीतर पलीकडचा झोपलेला असला की पाणी वाट फुटेल तिकडं जायचं. नाथाजी इंजिनाशी आणि लालासाहेब उसात, असं पोरवयापासून ठरलेलं होतं.

त्या डिसेंबरात नाथाजीची चौकी दोन मैल पुढं होती आणि शत्रूनं तिची वाट तोडली होती. वायरलेसवर कुणी अवाक्षर बोलायचं नाही असा हुकूम सुटला होता. रात्री दोन वाजता लालासाहेबाच्या कानात टक टक टक झालं. कुणी बोलत नव्हतं, नुसतं बोलायचं बटण तीनदा दाबून सोडत होतं. दहा मिनिटांनी पुन्हा तीन. पुन्हा तीन. लालासाहेबाचा अंगठा बटणावर होता. दोनदा दाबायचं, बस्स. त्यानं दाबलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी शेवटचं आलं, ते एकच टक होतं, आणि मग काही आलं नाही. सकाळी चौकीच्या जागी नुसती उकरलेली वाळू होती, कोण कुठला ते ओळखायची सोय नव्हती. चौकशीत अफसरानं विचारलं, रात्री काही ऐकलंस का. लालासाहेब म्हणाला, खरखर होती साब. तसंच कागदावर गेलं, आणि नाथाजी बेपत्ता झाला.

तर आता घोरपडीच्या माळावर तीन आलं होतं. आणि पुढं दोनही आलं होतं. दोन कोण देतंय? लालासाहेब सकाळपर्यंत त्या कागदाकडे बघत बसला. कडेला त्यानं काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या रात्री ते तीन वाजून सहा मिनिटांनी आलं. तिसऱ्या रात्री तीन वाजून दोन. लालासाहेबानं घड्याळ कानाला लावून बघितलं, मग पंचांग बघितलं, मग डोकं धरून बसला. रोज चार मिनिटं आधी येतंय म्हणजे हे जमिनीवरचं नव्हे. एवढा साधा नियम, आणि त्यानंच त्याला पुरता बांधून टाकला.

त्याची भूक गेली. खोलीत पाठीमागं कोणीतरी उभं आहे असं वाटून तो बाज भिंतीला टेकवून झोपू लागला, आणि दिवसासुद्धा त्याला झोप लागेना. भादवा तोंडावर आला होता. भादव्यात पितरं खाली येतात, आणि ज्याला कुणी जेवू घालत नाही ते दारोदार फिरतं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. नाथाजी हाक मारतोय आणि दुसऱ्या कुणीतरी, जे काम माझं होतं ते करायला सुरुवात केलीय, असंच त्याच्या मनानं घेतलं. तीनची त्याला भीती वाटायचीच, पण दोन आले की तो लाजेनं अर्धा व्हायचा.

इकडं हर्डीकरांना ते कागदावर दिसलं होतं. ते तर हरखूनच गेले. आकाशाचा तोच तुकडा वर आला की तेच तीन आणि तेच दोन, महिनाभर. त्यांनी लालासाहेबाला समोर बसवून विचारलं, तुम्ही इथं खरखर का लिहिलं नाहीत? इंजिन, सांधा, काही असू शकेल का?

"न्हाई साहेब," लालासाहेब म्हणाला. "ह्येला मी खरखर म्हणणार न्हाई."

एकदा म्हटलं होतं ते पुरे होतं. पण हर्डीकरांना ते काय माहीत? ज्या माणसाला दहा मैलांवरचं इंजिन ओळखू येतं तो नाही म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी टाइपरायटर पुढं ओढला आणि चार पानांचा अहवाल तयार केला. रविवारी तो पुण्याला जायचा होता.

लालासाहेबाला फौजेची एक खोड होती. तो रोज रात्री वहीत हवामान लिहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, ढग असला काय नि नसला काय, दुर्बिणीला फरक पडत नाही, असं हर्डीकरांनी मागंच सांगितलं होतं. शुक्रवारी अहवालाला जोडायच्या तारखा काढताना त्याला दिसलं की पस्तीस रात्रींत सात रात्री तीन-दोन आलंच नव्हतं. त्या सातही रात्रींपुढं त्याच्याच अक्षरात 'ढग' असं लिहिलेलं होतं. तो ती वही तीनदा वाचून गेला. लहरीला ढग अडत नाही. ढग अडतो तो डोळ्याला. म्हणजे त्या वेळी कुणीतरी वर बघत होतं.

भुताला चांदणी बघून काय करायचंय, असं त्यानं स्वतःलाच मोठ्यानं विचारलं. रात्री आभाळ मोकळं होतं. हर्डीकरांना यंत्राशी बसवून तो कंबरेला टॉवेल बांधून खांबांच्या रांगेनं पश्चिमेकडं चालायला लागला. खोटं कशाला सांगा, दोनदा तो परत फिरला आणि दोनदा पुन्हा वळला.

रांगेच्या टोकाला मेंढरं बसलेली दिसली आणि त्यांच्यापाशी घोंगडं पांघरून एक म्हातारा. बिराप्पा धनगर. पावसाळाभर त्याचा मुक्काम माळावरच असायचा, लालासाहेबानं त्याला दिवसा शंभरदा बघितलेलं. म्हातारा पूर्वेकडच्या डोंगराकडं टक लावून बसला होता. लालासाहेब काही बोलायच्या आत डोंगरावरनं तिकांडं वर आलं, त्या तीन चांदण्या एका रेषेत स्वच्छ दिसल्या, आणि बिराप्पानं हातातला धोंडा शेवटच्या खांबाला बांधलेल्या ताणाच्या तारेवर हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. तार गुणगुणत लांब गेली. थोड्या वेळानं पूर्वेच्या टोकाकडनं दोन टोले आले.

लालासाहेबानं त्या तारेला हात लावून बघितलं.

बिराप्पाला वाटलं, साहेबाचा माणूस जाब विचारायला आलाय. तो आधीच माफी मागत सगळं सांगू लागला. पूर्वेच्या टोकाला त्याची बायको हरणाबाई कोकरं घेऊन असते. माळावर लांडगं लय, म्हणून रात्रीची राखण दोघांत वाटून घेतलेली. तिकांडं उगवेपर्यंत तिनं जागायचं, उगवल्यावर यानं. त्यांचं घड्याळ तेच. हा उठला की तीन हाणायचा, मी जागा हाय, तू नीज. ती दोन हाणायची, कळलं. ढग असला तर तिकांडं दिसत नाही, मग ती बिचारी उजाडेपर्यंत बसते. गेल्या सालापर्यंत तो हाळी घालायचा, यंदा घसा बसलाय, म्हणून तार. तारेला काय इजा होत असली तर उद्यापासून बंद करतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

लालासाहेबाचं त्यातल्या निम्म्यावर लक्ष नव्हतं. त्यानं एकच विचारलं.

"बिराप्पा, दोन आलं न्हाई तर रं?"

"न्हाई आलं तर उठून जायाचं की," म्हातारा म्हणाला. "मेंढरं लांडग्यानं न्हेली तरी चालत्यात. पर तीस वरसांत तसं झालं न्हाई. हाक आल्यावर वो दिल्याबिगर कुनाला झोप लागंल व्हय?"

लालासाहेब परत निघाला तेव्हा त्याला खरं तर हायसं वाटायला पाहिजे होतं. भूत नव्हतं. कुणी मागावर नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. आता जन्मभर गप्प बसलं तरी कुणी विचारणार नव्हतं. पण चालता चालता त्याला रडू कोसळलं. नाथाजी बोलवत असता तर जाणं सोपं होतं. मेलेला माणूस ओढत होता, म्हणून गेलो, असं म्हणता आलं असतं. आता जायचं तर स्वतःच्या पायानं जावं लागणार होतं.

हर्डीकरांनी सगळं ऐकलं आणि बराच वेळ ते अहवालाच्या पानांवरनं नुसता हात फिरवत राहिले. मग त्यांना हसू आलं. या माळावर आपल्या धंद्यातला दुसरा माणूस आधीपासून आहे आणि आपल्याला पत्ता नाही, असं काहीतरी ते म्हणाले. पानं त्यांनी फाडून टाकली. पावसानं सांधे गंजलेत, तारेला धक्का लागला की लेखणी उडणारच, हे मलाच सुचायला हवं होतं, असंही म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि त्या अठ्ठावीस रात्रींच्या कडेला खरखर लिहायला सांगितलं. लालासाहेबानं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ठिकाणी 'बिराप्पा व हरणाबाई' असं लिहिलं. मग आठ दिवसांची रजा मागितली.

रविवारी दुपारी तो चंद्राबाईच्या सोप्यात जाऊन बसला. पावणेचार वर्षांत पहिल्यांदा. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. काय भावजी, वाट चुकला, एवढंच ती म्हणाली. त्यानं पाणी घेतलं नाही. आधी ऐका वैनी, म्हणाला, आणि दोन वाजल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंतचं सगळं सांगितलं. चौकशीत काय बोलला तेही सांगितलं. बोलताना त्यानं मान वर केली नाही. शेंगा फोडायचा आवाज मधेच कधीतरी थांबला होता.

"कुठला दिवस?" तिनं विचारलं.

दत्तजयंतीनंतरचा पाचवा, वद्य पंचमी, त्यानं सांगितलं.

"दोनदा दाबलं असतंस तर वाचलं असतं ते?"

"न्हाई वैनी. वाट तुटली हुती. कुणीच जाऊ शकत न्हवतं."

"पर कळलं असतं त्यास्नी. तू हाईस म्हणून."

"व्हय."

 मग चंद्राबाईनंच त्याला सुटायला वाट दिली. हुकूम होता न्हवं, म्हणाली, बटण दाबलं असतं तर तुमच्या ठाण्याचा पत्ता दुश्मनाला लागला असता. लालासाहेबाला तेवढी मान हलवली असती तरी चाललं असतं. फौजेतल्या कुणीही त्याला दोष दिला नसता.

"दोन टकांनी कुणाला काय पत्ता लागत न्हाई," तो म्हणाला. "हुकूम हुता ह्ये खरं. पर त्यापायी न्हाई. मी भ्यालो, वैनी. तिकडं मरण हुतं, आन माझा अंगठा खाली जाईना."

चंद्राबाई उठली आणि आत गेली. ती रडत असेल असं वाटून लालासाहेब कान देऊन बसला, पण आतनं काही ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं. पदरानं पुसलेल्या कुंकवाची लाली अजून तिथं होती. तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. शिव्या द्याव्यात, धोंडा घालावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिनं तसलं काही केलं नाही.

"बुधवारी पंचमी," ती म्हणाली. "मी म्हाळ घालणार हाय. त्यांच्या नावानं जेवाया तू बसायचं."

लालासाहेब नको नको म्हणू लागला. दुसऱ्या कुणाला बसवा, भावकीत माणसं काय कमी आहेत, माझ्या नरड्याखाली घास उतरायचा नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तूच बसायचं," ती म्हणाली. "आन मी हाक मारीन, तवा वो द्यायची."

बुधवारी अंगणात भावकी जमली. चंद्राबाईच्या मोकळ्या कपाळाकडं बायका बघत होत्या आणि कुणी काही विचारत नव्हतं. खीर, वडे, आळूची भाजी, सगळं रीतीनं झालं होतं. सोप्यात पाट मांडला होता, पाटापुढं एकच पान वाढलं होतं. लालासाहेब धुतलेलं धोतर नेसून अंगणाच्या कडेला, आपल्याकडं कुणी बघू नये अशा बेतानं उभा होता. चंद्राबाईनं नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आजही उच्चारलं नाही. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि रोज जशी हाक मारत असेल तशी तिनं हाक मारली.

"आवं."

  इथनं पळत सुटावं आणि एसटी धरावी असं लालासाहेबाला वाटलं.

"आवं, जेवाया येताय न्हवं?"

"व्हय," लालासाहेब म्हणाला. "आलो."

आणि तो जाऊन त्या पाटावर बसला.